मोहोर आला की पहिली पोस्ट

रत्नागिरीजवळच्या आमच्या कलमांचा आंबा पूर्वी सगळाच वाशीच्या बाजारात जायचा. पेटी दलालाकडे पोचली की पुढे कोणाच्या घरी गेली, हे आम्हाला कळत नसे. २०२० च्या टाळेबंदीत बाजाराची वाट अडली आणि कोकणातल्या अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांशी व्हॉट्सॲपवरून थेट व्यवहार सुरू केला. आम्हीही त्यातलेच. तेव्हापासून घरातलं मोबाइलवरचं काम माझ्याकडे आहे. आंब्याच्या जोडीला आता फणसपोळी, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ आणि मोदकाची पिठी असते. हंगामी माल विकणाऱ्या इतर छोट्या धंदेवाल्यांना उपयोगी पडेल, असं या कामातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

१. विक्री एप्रिलात, पण सांगायला सुरुवात मोहोरापासून.
पेट्या भरल्यावर सगळेच फोटो टाकतात. एप्रिलच्या मध्यावर कुठलाही ग्रुप उघडा, पेंढ्यात ठेवलेले तेच पिवळे आंबे दिसतील. त्या गर्दीत आपला फोटो वेगळा कसा ठरणार? आपल्याकडे सांगण्यासारखं असतं ते त्याच्या आधीच्या महिन्यांत. थंडी पडली की मोहोर येतो, मग कणी धरते, त्यातली बरीचशी गळते. मोहोर ते काढणी यांत साधारण साडेतीन-चार महिने जातात. तेवढ्यात तुडतुडा येतो, फुलकिडे येतात, अवकाळी पाऊस येतो, माकडं तर असतातच. हे सगळं जानेवारीपासून थोडं थोडं दाखवावं. पावसाने काळवंडलेला मोहोर ज्याने हिवाळ्यात पाहिलेला असतो, तो गिऱ्हाईक एप्रिलमध्ये ‘यंदा एवढा भाव का?’ असं विचारत नाही. उलट ‘उरलेली कैरी बरी आहे ना?’ अशी चौकशी करतो. भावाचं समर्थन करणाऱ्या दहा पोस्टपेक्षा फवारणीच्या पहाटेचा एक व्हिडिओ जास्त काम करतो, असं माझं ठाम मत आहे.

२. सण पंचांगाने सरकतात, झाड सरकत नाही.
२०२५ चा पाडवा ३० मार्चला होता, २०२६ चा १९ मार्चला. अक्षय्य तृतीयाही ३० एप्रिलवरून १९ एप्रिलवर आली. आंबा मात्र त्याच्या हवामानानेच तयार होणार. म्हणून नवीन वर्षाचं कॅलेंडर घरात आलं की मी आधी सणांच्या तारखांवर खुणा करते आणि तिथून उलटं मोजत येते. काढलेलं तयार फळ आढीत पिकायला आठवडा-दहा दिवस लागतात. पाठवण्याचे दिवस वेगळे. मग अक्षय्य तृतीयेला ताटात पिकलेला आंबा हवा असेल, तर ऑर्डर कधीपर्यंत यायला हवी ही तारीख आपसूक निघते. पोस्टमध्ये सणापेक्षा ही तारीख मोठ्या अक्षरांत असावी.
पंचांग कधी संधीही देतं. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन आंब्याच्या दिवसांत. अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारसे किंवा बत्तासे देण्याची रीत घराघरांत आहे. तेहेतीस आंब्यांचं वाण अशी पेटी त्या महिन्यासाठी वेगळी बांधता येते. पण हे सुचायचं तर पंचांग जानेवारीतच उघडायला हवं.
मोदकाच्या पिठीचं गणित याहून अवघड. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे आणि मग दळायचे. गणपती येतात पावसाळ्यात, तेव्हा कोकणात हवा दमट. किती किलो होईल याचा अंदाज आल्याशिवाय मी गणपतीची एकही पोस्ट टाकत नाही.

३. इन्स्टाग्रामवर ओळख होते, ऑर्डर येते ती व्हॉट्सॲपवर.
स्टेटस चोवीस तासांत जातं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून पेटी पोचल्याचा मेसेज करताना ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ हे न विसरता लिहावं. छोट्या धंद्याला हजारो अनोळखी फॉलोअर्सपेक्षा अशी दोन-तीनशे घरं मोलाची.

४. फिल्टर नको.
हंगामाच्या सुरुवातीचा हापूस पेटीत हिरवटच असतो. फोटोत तो केशरी केला, तर पेटी उघडल्यावर तक्रार ठरलेली. सकाळचा उजेड पुरतो. बिझनेस खात्याला इन्स्टाग्रामवर गाजलेली गाणी फारशी मिळत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. झेल्याने आंबा देठासकट उतरवताना गडी एकमेकांना हाका मारतात, तोच आवाज ठेवावा. मात्र त्यांना विचारून.

५. अडचण आधी आपणच सांगावी.
हापुसात साका निघतो. फळ वरून सुरेख आणि आत गराला पांढरट, स्पंजासारखा डाग. बाहेरून तो ओळखता येत नाही. हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच मी कापलेल्या साक्याच्या आंब्याचा फोटो टाकते आणि खाली नियम लिहिते: असा आंबा निघाला तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत भरपाई मिळेल. ‘स्वतःच्या मालाचं वाईट कशाला दाखवतेस?’ असं घरच्या मोठ्यांनी विचारलं होतं. पण या पोस्टने विश्वास वाढतो हे मी दरवर्षी पाहते. त्याच पोस्टमध्ये सूचनाही असतात: पेटी आली की उघडा, आंबे पेंढ्यावर पसरा, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका.
नावाबद्दलही स्पष्ट असावं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. परराज्यातला आंबा रत्नागिरीच्या नावाने खपवला जातो, हे दुखणं आम्हा सगळ्यांचं. त्यावर चिडून लिहिण्यापेक्षा आपली बाग, आपलं गाव, काढणीची तारीख रोज दाखवत राहावं. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, हेही अधूनमधून सांगावं. पिठी, पोळी, आगळ यांच्या पाकिटावरचा एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक फोटोत वाचता आला पाहिजे.

६. पैसे देऊन जाहिरात करायचीच तर जिथे आपली गाडी पोचते तेवढ्याच भागात.

७. माल संपला की तसं जाहीर करावं.
पहिला मोठा पाऊस पडला की आंबा संपला, अशी पोस्ट मी त्याच दिवशी टाकते. मागणी असते म्हणून दुसऱ्याचा माल आपल्या पेटीत भरू नये. तोवर कोकमाचं आगळ झालेलं असतं, फणसपोळ्या वाळून तयार असतात. या मालाची यादी आंबा घेतलेल्या त्याच लोकांकडे जाते, आणि गणपतीच्या पिठीची पहिली चौकशीही त्यांच्यातूनच येते.

घेणाऱ्यांना एक विनंती. जूनमध्ये आंबा संपला म्हणून बागायतदाराचा नंबर मोबाइलमधून पुसू नका. नंबर गेला की आमचा मेसेज तुम्हाला येत नाही, आणि मोहोराची खबर तुमच्याऐवजी दलालाकडे जाते.