पोरी, सिंगापूरला चाललीस, तर फोटोचं एवढं ऐकून जा

१. फोटोआधी भिंग पूस, धुतलेल्या सुती फडक्याने — बोटांचा तेलकटपणा बसला की रात्रीचे दिवे फिसकटतात. पुसल्या भिंगाला उजेड धार्जिणा.

२. मॉलमधून किंवा एमआरटीतून बाहेर आलीस की पाच-दहा मिनिटं दम धर. फोन पर्समध्ये कोंबू नकोस, हातात राहू दे — एसीत गारठलेल्या काचेवर तिथली दमट हवा धुकं धरते, आणि पुसलं तरी ते परत येतं.

३. भर दुपारी माणसांचे फोटो सावलीतच काढ. एचडीबीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी घरांच्या, इमारतीखाली व्हॉइड डेक — मोकळा तळमजला — असतो, त्याची कड छान. विषुववृत्त जवळ, त्यामुळे ऊन अगदी माथ्यावर, तेही बाराला नव्हे, एकच्या सुमारास — डोळ्यांखाली काळं साचतं, मग आई विचारणार, जेवतेस ना नीट?

४. गार्डन्स बाय द बेमधल्या सुपरट्रींचा फोटो हवा तर सातलाच जाऊन उभी राहा. सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो आणि संधिप्रकाश जेमतेम वीस मिनिटं — ७:४५च्या दिव्यांच्या खेळापर्यंत थांबलीस तर निळं आभाळ गेलेलं असतं. खेळ बघ, पण डोळ्यांनी बघ!

५. अंधारात दिव्यावरच बोट टेकव आणि उजेडाची खूण खाली ओढ — नाहीतर फोन काळोख उजळायला जातो नि दिवे पांढरेफटक पडतात.

६. मर्लायनचा पुतळा ८.६ मीटर उंच. त्याच्या पायथ्याशी जाऊ नकोस, तू फोनजवळ ये, त्याला राहू दे मागे — तिथे उभी राहिलीस तर मुंगीएवढी दिसशील, आणि आम्हाला तर तूच बघायचीस.

७. घरात किंवा हॉलमध्ये व्हिडिओ घेताना पट्टे थरथरताना दिसले, तर सेटिंगमध्ये ३० ऐवजी २५ फ्रेम कर — तिथली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची, दिव्यांची लुकलुक मग फ्रेमशी जुळते.

८. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती घेशील तेव्हा स्पीकरपासून लांब, बाजूला उभी राहा. फोनच्या खालच्या कडेवर तळवा नको — माइक तिथेच असतो. आरती संपली तरी चार-पाच सेकंद चालू ठेव, ‘मोरया’ नेमका तेव्हाच होतो.

९. आजीला व्हॉट्सअ‍ॅपवर साधाच पाठव, तिला लगेच दिसला पाहिजे. फ्रेम करायचा असेल तो मला ‘डॉक्युमेंट’ म्हणून — एरवी पाठवताना फोटो बारीक होतो आणि छापला की चेहरा पुसट येतो.