माशाचं तेल आणि हृदयाचा ठेका

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. विषय मात्र गंभीर आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेऊन गेले. आमच्या विंगमधल्या बऱ्याच मुली केसांसाठी, जिमसाठी त्या घेतात. 'हार्टला चांगल्या' एवढंच माझं ज्ञान. बाबांना आधीच एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे नाडी अनियमित. मी ऐटीत सांगितलं, "बाबा, रोज चार घ्या." पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी डबी पाहिली आणि विचारलं, "हे कोणी सुरू केलं?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. कॅप्सूल त्याच दिवशी बंद झाल्या. मग लायब्ररीत बसून मी जे वाचलं, ते असं.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात 'एसए नोड' असतो. हा आपला क्लॉक. आराम करताना मिनिटाला साधारण ६० ते १०० पल्स देतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३०० हून जास्त सिग्नल वेडेवाकडे फिरतात, निव्वळ नॉइज! मधला 'एव्ही नोड' फिल्टरसारखा त्यातले थोडेच खाली सोडतो, तेही कसेही. वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, रक्त साचतं, गुठळी होते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात.

मग माशाच्या तेलाचं एवढं नाव का झालं? १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचा आहार अभ्यासला. १९९९ मध्ये इटलीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ११,३२४ पेशंटवरच्या चाचणीत रोज एक ग्रॅम ओमेगा-३ ने अचानक मृत्यू कमी झाले. सगळ्यांना वाटलं, हे ठेका सांभाळणारं औषध.

पण नंतरच्या मोठ्या चाचण्यांत उलटं दिसलं. 'रिड्यूस-इट' (२०१८) मध्ये रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए देऊन हार्ट अटॅक कमी झाले; पण एट्रियल फिब्रिलेशन किंवा फ्लटरसाठी ॲडमिट होणारे २.१ टक्क्यांवरून ३.१ टक्के झाले. २०२१ मध्ये सात चाचण्यांतले ८१,२१० लोक एकत्र मोजले. रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त डोस घेणाऱ्यांत हा धोका ४९ टक्क्यांनी जास्त, एक ग्रॅमपर्यंत १२ टक्क्यांनी. २०२३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी ओमेगा-३ च्या औषधांवर हा दुष्परिणाम लिहायला सांगितला.

आता आपलं गणित. १००० मिलीग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२० असतं, म्हणजे कामाचं ३००. चार कॅप्सूल म्हणजे १२००. एक ग्रॅमची रेघ मी बाबांना ओलांडायला लावली होती!

४९ टक्के वाचून घाबरू नका. २.१ चं ३.१ म्हणजे शंभरात एक जण वाढला. ट्रायग्लिसराइड्स खूप वाढलेल्या काही पेशंटना डॉक्टर हे औषध मुद्दाम देतातही. आणि जेवणातला बांगडा म्हणजे कॅप्सूल नव्हे, तो खुशाल खा.

एवढंच करा: डबीवर ईपीए-डीएचए वाचा. घरी कोणाची नाडी अनियमित असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनीच दिलेलं असेल तर परस्पर बंदही करू नका.

बाबा ठीक आहेत. फोनवर अजून चिडवतात, "इंजिनिअरबाई, आज डोस किती?"