व्यापारी जागांचे व्यवहार आणि मध्यस्थाची जबाबदारी

साताऱ्या-कऱ्हाडवरून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग, मिरजेचे रेल्वे जंक्शन, सांगलीची हळदपेठ आणि कुपवाडची औद्योगिक वसाहत यांमुळे कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत गाळे, कार्यालये व गोदामे यांना मागणी असते. जागामालक व व्यापारी यांची गाठ घालून देणारा मध्यस्थ पूर्वी केवळ ओळखीच्या बळावर व्यवसाय करीत असे. आता या व्यवसायाला कायद्याची चौकट आणि संगणकाची जोड लाभली आहे.

एक नोंदणी, संपूर्ण राज्य

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये राज्यात २०१७ साली ‘महारेरा’ प्राधिकरण स्थापन झाले. नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंड, गाळा अथवा कार्यालय विकून देणाऱ्या मध्यस्थाने या प्राधिकरणाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. ही नोंदणी संपूर्ण राज्यास पुरते. त्यामुळे साताऱ्याच्या मध्यस्थाला सांगलीत शाखा काढण्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही. मात्र हिशेब ठेवणे, दिशाभूल न करणे व ग्राहकास कागदपत्रे मिळवून देणे ही कर्तव्ये शाखेलाही लागू राहतात.

उतारा आणि प्रत्यक्ष जागा

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा घरबसल्या मिळू लागला. मिळकत पत्रिका, फेरफार व नोंदलेल्या दस्तांची सूचीही संगणकावर पाहता येते. दूरच्या जागेची प्राथमिक छाननी त्यामुळे सुलभ झाली. औद्योगिक वसाहतीतील भूखंड मात्र महामंडळाने भाडेपट्ट्याने दिलेले असतात; त्यांच्या हस्तांतरणास महामंडळाची अनुमती लागते.

तथापि उताऱ्यावर पुराच्या पाण्याची उंची लिहिलेली नसते. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरले. तेथील गोदाम दाखविणाऱ्या मध्यस्थाने निळी व लाल पूररेषा नकाशावर दाखविलीच पाहिजे. एरवी व्यापाऱ्याचा माल आणि मध्यस्थाचा लौकिक एकाच पुरात वाहून जाईल.

गावाचे कर्तव्य

जुन्या गाळ्याची खरेदी किंवा भाड्याचा व्यवहार महारेराच्या कक्षेत सहसा येत नाही. अशा वेळी दस्त नोंदविल्याखेरीज मोठी रक्कम देऊ नये, हे पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावकऱ्यांना समजावून सांगावे. शाखा वाढविणे यंत्राने सोपे केले आहे. विश्वास मात्र प्रत्येक गावात नव्याने संपादन करावा लागतो.