फाइलीचे नाव : लांबी आणि मर्यादा

कार्यालयातील कागद नुसता कपाटात असून भागत नाही. तो वेळेवर हाती यावा लागतो. पूर्वी दप्तराच्या बस्त्याला चिठ्ठी लावीत असत. आज तेच काम संगणकातील फाइलीचे नाव करते. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मागावयास आलेल्या ग्रामस्थाला ती मिळणे अथवा न मिळणे पुष्कळदा या नावावर अवलंबून असते.

१९८१ साली आलेल्या एमएस-डॉस या कार्यप्रणालीत नावाला आठ अक्षरे, मग बिंदू आणि पुढे तीन अक्षरे एवढीच जागा होती. १९९५ च्या विंडोज ९५ ने ही मर्यादा २५५ चिन्हांपर्यंत वाढविली. मात्र जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून प्रत्येक लांब नावासोबत एक आखूड नावही ठेवण्यात आले. लांब नावाचे तेरा-तेरा चिन्हांचे तुकडे करून ते डिस्कच्या सूचीत निरनिराळ्या नोंदींत लिहिले जात. जुन्या प्रोग्रॅमला केवळ आखूड नाव दिसे. त्याने फाइलीची नक्कल केली की लांब नाव मागेच राही.

आजची अडचण निराळी आहे. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत २५५ ही मर्यादा चिन्हांची आहे, तर लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीत ती २५५ बाइटची आहे. रोमन अक्षराला तेथे एक बाइट पुरतो. देवनागरी चिन्हाला सामान्यतः तीन लागतात. ‘ग्रामसभा’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा वाटतो. परंतु काना व हलन्त धरून संगणक आठ चिन्हे मोजतो आणि त्यांना २४ बाइट लागतात. म्हणजे तेथे देवनागरी नावाला सुमारे ८५ चिन्हांचीच जागा उरते. विंडोजवर सुखाने नांदणारे शंभर चिन्हांचे मराठी नाव लिनक्सवर नेताना नाकारले जाते ते यामुळेच.

चिन्हांचेही असेच आहे. तिरपी रेघ दोन्हीकडे वर्ज्य आहे. त्यामुळे ‘१५/८’ अशी तारीख नावात चालत नाही. अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह व तारका लिनक्स स्वीकारते, विंडोज नाकारते. शिवाय विंडोजमध्ये फोल्डरांसह संपूर्ण मार्गाची जुनी मर्यादा २६० चिन्हांची आहे. २०१६ पासून विंडोज १० मध्ये ती शिथिल करता येते. परंतु संबंधित प्रोग्रॅमचीही तशी तयारी असावी लागते.

यावरून पुढील नियम पाळणे हिताचे ठरेल :

१. नाव पन्नास चिन्हांच्या आत ठेवावे.
२. तारीख ‘२०२४-०८-१५’ अशी, वर्ष आधी घालून लिहावी. म्हणजे फाइली कालक्रमानेही लागतात.
३. वर्ज्य चिन्हांऐवजी आडवी रेघ वापरावी.
४. फोल्डरात फोल्डर घालण्याचा मोह आवरावा.
५. नक्कल केल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या ताडून पाहावी आणि मगच मूळ प्रत काढावी.

यांतील शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा होय. नाव आखूड झाले तर पुन्हा देता येते. नाकारलेली फाईल मागे राहून मूळ प्रत पुसली गेली, तर तो ठराव पुन्हा सापडत नाही.