हौस कर, पण तपासून

तुझे मेसेज वाचले गं, मध्यरात्री एकामागून एक पाठवलेले. जुनी बीएमडब्ल्यू आय-एट बघून आलीस, ती डोक्यातून जात नाही, आणि आता प्रश्नांनी झोप उडवलीय. बॅटरी गेली तर काय? टाउनहाउसच्या गराजमध्ये चार्जर लावायला एचओए हो म्हणेल का? सासूबाईंना बसता येईल का? आणि सगळ्यात शेवटी, हळूच विचारलेलं, ‘एवढे पैसे स्वतःवर खर्च करणं बरोबर आहे का?’

शेवटच्याचं उत्तर आधी देते. मुलांच्या कॉलेजचे पैसे दर महिन्याला बाजूला पडतात, घराचा हप्ता वेळेवर जातो, अडीअडचणीची पुंजी वेगळी आहे, हे तूच मला सांगितलंस. मग हौस करायला कुणाची परवानगी हवी? नोकरी, घर, दोन मुलं आणि त्यांच्या क्लासेसची वेळापत्रकं सांभाळणाऱ्या बाईला एक गाडी झेपणार नाही, हे मला कुणी सांगितलं तरी पटायचं नाही. फक्त एक ऐक. प्लग-इन आहे म्हणून पैसे वाचतील, असं घरात कुणाला पटवत बसू नकोस, आणि स्वतःलाही नको.

बघ, हिशोबच मांडूया. अमेरिकेच्या ईपीएच्या मोजणीत पहिली आय-एट नुसत्या विजेवर १५ मैल जाते. तेवढ्यासाठी साधारण साडेसहा युनिट वीज लागते. आपल्या बे एरियात युनिटला ३५ सेंट धरले तर सव्वादोन डॉलर झाले. आता तेच १५ मैल पेट्रोलवर धर. गॅलनला २८ मैल, त्यातून हिला प्रीमियमच लागतं, त्याचा भाव ५ डॉलर धरला तरी पावणेतीन डॉलरच्या आत काम होतं. म्हणजे वाचलं काय, तर अर्धा डॉलरसुद्धा नाही. रात्रीचा स्वस्त वीजदर घेतलास तर आणखी थोडं वाचेल, पण त्यातून एका टायरचे पैसेही लवकर सुटणार नाहीत. एकट्याने कारपूल लेन वापरू देणाऱ्या स्टिकरचंही तेच. कॅलिफोर्नियाची ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ला संपली. विकणारा बंपरवरचा जुना स्टिकर कौतुकाने दाखवायला लागला तर ऐकून घे आणि भाव मात्र त्यावर एक डॉलरने वाढवू देऊ नकोस.

मग घ्यायची कशासाठी? खरं सांगू का, चालवण्यासाठी. सकाळी सातला शेजार झोपलेला असताना ही गाडी गल्लीतून आवाज न करता बाहेर पडते. तेव्हा पुढची चाकं विजेच्या मोटरवर चालत असतात. मागच्या चाकांसाठी पाठीमागे दीड लिटरचं, तीनच सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे, मिनी कूपरच्या इंजिनाचं भावंडच ते. दोन्ही एकत्र आले की पहिल्या गाड्यांमध्ये ३५७ हॉर्सपॉवर होतात. इंजिन आधीच गरम असेल तेव्हा फ्रीवेच्या रॅम्पवर गिअरचा दांडा डावीकडे स्पोर्टमध्ये ढकल, समोरचा निळा पडदा केशरी होतो, मागून इंजिन जागं होतं आणि सव्वाचार सेकंदांत तू शून्यावरून ताशी साठ मैलांवर असतेस. त्या इंजिनाचा थोडा आवाज स्पीकरमधून येतो म्हणून नाकं मुरडणारे बरेच आहेत. मला तो आवाज आवडतो, आणि तुलाही आवडेल.

आणि दिसायला! २००९च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेल्या कॉन्सेप्ट कारवरून ही घडवली. त्याच गाडीतून टॉम क्रूझ २०११च्या ‘घोस्ट प्रोटोकॉल’मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर धावला होता, आठवतं? पुढे भारतात आय-एट आली ती २०१५ला, २ कोटी २९ लाखांना, आणि सचिननेही ती घेतली. हे मी तुला अशासाठी सांगतेय, की पुण्याहून तुझी आई ‘एवढ्या पैशात इथे फ्लॅट आला असता’ म्हणणारच. तिला सांग, ‘आई, भारतातल्या नव्या गाडीची ती किंमत. इथे नवी १ लाख ३६ हजार डॉलरच्या आसपास होती, आणि मी बघतेय ती त्याच्या निम्म्याहूनही कमीत मिळतेय.’ २०२०ला ही गाडी बनणं बंद झालं, जगभरात २० हजारांच्या थोड्या वर निघाल्या. तेव्हा घेशील ती जुनीच असेल, आणि जुनी गाडी घेताना मन बाजूला ठेवून डोळे उघडे ठेवायचे.

सगळ्यात आधी बॅटरी. मोठ्या बॅटरीवर कंपनीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैल, जे आधी होईल ते. म्हणजे २०१४-१५च्या गाड्यांची ती संपलेली आहे. म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन बॅटरीची तब्येत तपासून लेखी रिपोर्ट घ्यायचा. विकणाऱ्याचं ‘बॅटरी एकदम ओके आहे’ हे आपल्या कामाचं नाही. शिवाय तू स्वतः एक कर. रात्रभर गाडी चार्जिंगला ठेवायला सांग, सकाळी पूर्ण भरलेली असताना ई-ड्राइव्हचं बटण दाब आणि आपल्या रस्त्यांवर, चढ-उतारावर, एसी लावून फिरून ये. इंजिन आपणहून सुरू होईपर्यंत किती मैल झाले ते बघ. दहा-बाराच्या पुढे गेली तर फार काळजी नको. सहा-सातवरच हात टेकले तर भाव पाडायचा, नाहीतर सरळ उठून यायचं.

२०१८च्या बदलानंतरच्या गाड्यांमध्ये बॅटरी ७.१ऐवजी ११.६ युनिटची आहे. कागदावर मैल मात्र १५चे १८ झाले, एवढंच. त्या तीन मैलांसाठी जास्तीचे पैसे मोजू नकोस. पण त्या गाडीच्या वॉरंटीत अजून काही दिवस उरले असतील तर ते विकत घेण्यासारखे आहेत, कारण रात्री झोप त्यानेच लागते. उघड्या छताची रोडस्टर बघायलाही जाऊ नकोस, तिला मागच्या सीट्सच नाहीत.

दुसरी भीती वाजवी आहे, ती सांगाड्याची. बसायची सगळी जागा कार्बन फायबरची आहे, म्हणून तर एवढी सगळी यंत्रं पोटात घेऊन ती हलकी राहिली. पण कार्बन फायबर पत्र्यासारखा ठोकून सरळ करता येत नाही. त्यामुळे अपघाताचा इतिहास काढ, दार उघडून खालच्या रुंद उंबऱ्यावरून हात फिरव, कुठे चीर, कुठे वेगळा रंग दिसतो का ते बघ. दार वर नेऊन हात सोड, ते तिथेच थांबायला हवं, हळूहळू खाली येता कामा नये. गाडीचा नंबर, म्हणजे व्हीआयएन, एनएचटीएसएच्या साइटवर टाकून रिकॉल राहिलेत का बघ, फुकट होतं ते काम. टायरही नीट बघ. वीस इंची चाकं आणि त्यावर पुढे १९५ किंवा २१५, मागे २१५ किंवा २४५ रुंदीचे टायर, हे माप कुठल्याही दुकानात सहज पडलेलं नसतं. चारही झिजले असतील तर तो खर्च आजच किमतीतून वजा करून घे. आणि विमा! गाडी आवडली की आपण विमा शेवटी बघतो. तू आधी बघ, दोन-तीन कंपन्यांचे आकडे माग. कार्बनच्या दुरुस्तीमुळे ते अंगावर येऊ शकतात.

आता तुझ्या चार्जरची चिंता घालवते. एचओएला पत्रं लिहायची गरजच नाही. गराजच्या भिंतीतला साधा १२० व्होल्टचा सॉकेट पुरतो. ७.१ युनिटची रिकामी बॅटरी, कंपनी म्हणते त्याप्रमाणे, साधारण साडेतीन तासांत भरते, म्हणजे मुलांची जेवणं, आवराआवर, गृहपाठ होईपर्यंत गाडी तयार. २४० व्होल्टची सोय असली तर दीड तासात होतं, पण त्यासाठी भिंत फोडू नकोस. मात्र एक पथ्य पाळ. तुझ्या गराजमध्ये तो मोठा फ्रीजर आहे ना, इडलीचं पीठ आणि मोदक ठेवतेस तो? गाडी त्याच सर्किटवर लावलीस तर फ्यूज उडेल आणि सकाळी सगळं पाणी-पाणी झालेलं असेल. वेगळ्या सर्किटवरचा सॉकेट शोध. एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नको. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघ. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल किंवा प्लग सॉकेटमध्ये सैल हलत असेल तर चार्जिंग बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलाव. रस्त्यावरचे मोठे फास्ट चार्जर मात्र हिला चालत नाहीत, त्यामुळे लांबच्या प्रवासाला तुझी गाडी पेट्रोलचीच.

म्हणूनच ती तुला शोभेल असं मला वाटतं. तुझं ऑफिस जवळ, रोज रात्री गाडी घरी, चार्जिंगची जागा स्वतःची. रोज चाळीस मैल जाऊन चाळीस मैल येणारी कुणी विचारायला आली असती तर तिला मी सरळ नाही म्हटलं असतं.

रोजच्या वापरात काय होतं ते सांगते, म्हणजे पहिल्या आठवड्यात घाबरायला नको. बसताना आधी पाठमोरी होऊन उंबऱ्याच्या आत टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. साडी असेल तर निऱ्या एका हातात धर, आणि गणपतीच्या आरतीला नऊवारी नेसून जायचं असेल तर सरळ दुसरी गाडी काढ. दारं वर उघडतात म्हणून अडचणीच्या जागी चालेल असं वाटतं, पण वर जाता जाता ती बाहेरही येतात. कॉस्टकोमध्ये टोकाची जागा धर, थोडं चालावं लागलं तरी चालेल. विजेवर हळू जाताना तुझी गाडी येतेय हे लोकांना कळतही नाही, पार्किंगमध्ये पोरंसोरं पळत असतात, तेव्हा पाय ब्रेकवरच असू दे.

मागची डिकी इंजिनाला लागून आहे. लहान तर आहेच, पण इंजिन चाललं की चांगली गरम होते. दूध, श्रीखंड, आइस्क्रीम तिथे ठेवू नकोस, मागच्या सीटवर ठेव. त्या सीट्स लहान मुलांपुरत्याच आहेत. सासूबाईंच्या गुडघ्यांची परीक्षा बघू नकोस गं, त्यांच्यासाठी तुझी मोठी गाडी राहू दे. ही घरातली एकच गाडी असेल तर घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

पेट्रोल भरताना झाकण लगेच उघडलं नाही तर गाडी बिघडली असं समजू नकोस. टाकी दाबाखाली बंद असते. आधी आतलं बटण दाबायचं, दाब उतरला की पडद्यावर तयार असल्याचं दिसतं, मग झाकण उघडतं. पुढचं बॉनेट तर आपण उघडायचंच नाही, ते स्क्रूने बसवलेलं आहे, ते काम गराजवाल्याचं. आणि एक, विजेवर चालवता चालवता एकदम पूर्ण जोर मागू नकोस. इंजिन तोवर थंड झोपलेलं असतं. फ्रीवे येण्याआधी दोन-तीन मैल स्पोर्टमध्ये हळूच चालव, त्याला गरम होऊ दे, मग हवी तेवढी पळव. स्पोर्टमध्ये असताना इंजिन बॅटरीही भरत राहतं, हा आणखी एक फायदा.

डिसेंबरात महिनाभर भारतात जाशील तेव्हा गाडी रिकाम्या बॅटरीने उभी करून जाऊ नकोस. निघण्याआधी पूर्ण चार्ज कर, आणि छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी मेंटेनर कसा लावायचा ते सर्व्हिसवाल्याकडून समजून घे. अशा गाड्या मोठ्या बॅटरीपेक्षा त्या छोट्या बॅटरीमुळेच जास्त अडतात. आत पेट्रोल इंजिन आहे, तेव्हा जुन्या आय-एटला स्मॉग चेकही लागतो, विकणाऱ्याकडून त्याचा ताजा दाखला मागून घे.

एवढं सगळं वाचून दडपण आलं असेल तर सांगते, यातलं निम्मं काम एका शनिवारी उरकतं आणि उरलेलं दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं. तू मुलीची ब्रेसेस, घराचं रिफायनान्स आणि बाबांचा व्हिसा एकाच महिन्यात निपटवलास, मी बघितलंय.

तेव्हा उद्या विम्याचे आकडे मागव आणि सर्व्हिस सेंटरची वेळ घे. बॅटरीचा लेखी रिपोर्ट हातात पडेपर्यंत विकणाऱ्याला डिपॉझिट देऊ नकोस, त्याने दुसरं गिऱ्हाईक दाराशी उभं आहे म्हटलं तरीही. रिपोर्ट आला की मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू.