ऊसतोडीचा हंगाम आणि गर्भवतीचा रक्तदाब

दिवाळी उलटली की धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक गावांतून ऊसतोडणीच्या टोळ्या गुजरातकडे निघतात. नंदुरबार–सुरत लोहमार्गावर बारडोलीच्या पुढे चलथाण हे स्थानक लागते. सुरत जिल्ह्यातील हे गाव तेथील सहकारी साखर कारखान्यामुळे परिचित आहे. चलथाण, बारडोली, मढी या परिसरातील ऊसतोडणीत खानदेशातील मजुरांचा वाटा मोठा आहे. साधारणतः पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पुरुष ऊस तोडतो, स्त्री पाचट काढून मोळ्या बांधते. हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो.

तिसऱ्या महिन्यात गाव सोडणारी गर्भवती हंगाम संपवून परतते, तेव्हा तिचे दिवस भरत आलेले असतात. गर्भारपणातील रक्तदाबाचा विकार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, उद्भवतो तो नेमका याच काळात. म्हणून हा विषय स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे.

विकार व त्याची कारणे

गर्भधारणेच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे किंवा मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांच्या कार्यात बिघाड होणे, यास प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. पूर्वी ही एक प्रकारची विषबाधा समजली जात असे. परंतु असे कोणतेही विष आढळले नाही. या विकाराचे मूळ वारेत असते, असे आता मानले जाते. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर वारेला रक्त कमी पडते. अशा वारेतून मातेच्या रक्तात मिसळणारे घटक तिच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा करतात व रक्तदाब चढतो. काही स्त्रियांतच असे का घडते, याचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही.

पहिलटकरीण, अतिशय लहान वयात किंवा पस्तिशीनंतर गर्भवती झालेली स्त्री, जुळी मुले असलेली माता, तसेच पूर्वी हा विकार झालेली अथवा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, जुना रक्तदाब वा स्थूलता असलेली स्त्री यांना धोका अधिक असतो.

फसवा आरंभ

प्रारंभी या विकारात काहीच दुखत नाही. रक्तदाब मोजल्याखेरीज तो कळत नाही. पुढे सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बरगडीखाली पोटात कळ येणे, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज येणे, लघवी कमी होणे ही लक्षणे दिसू लागतात. फडात राबणारी स्त्री ‘ऊन लागले असेल’ असे म्हणून ती अंगावर काढते. त्यानंतर झटके येऊ शकतात आणि माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतते. हे झटके म्हणजे बाहेरची बाधा नव्हे. अशा वेळी तिला डाव्या कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्राप्रमाणेच गुजरातमध्येही आहे.

झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट हे औषध स्वस्त व खात्रीचे आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील सुमारे दहा हजार स्त्रियांच्या पाहणीत या औषधाने झटक्यांचे प्रमाण निम्म्यावर आल्याचे सिद्ध झाले. मात्र विकाराचा खरा शेवट प्रसूतीनेच होतो. ती केव्हा करावी हे डॉक्टर ठरवतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही सावधगिरी आवश्यक आहे.

प्रतिबंध

हा विकार प्रत्येक वेळी टाळता येतोच असे नाही. धोका मात्र कमी करता येतो. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रियांना त्याच्या गोळ्यांचा लाभ होतो. शासकीय आरोग्य केंद्रांतून चौथ्या महिन्यापासून रोज दोन गोळ्या दिल्या जातात. त्या जेवणाबरोबर घ्याव्यात. लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नये. नागलीची भाकरी व दूध यांतूनही कॅल्शियम मिळते. अधिक धोका असलेल्या स्त्रियांना डॉक्टर अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन देतात. ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. केवळ मीठ तोडल्याने हा विकार टळत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तपासणी न तुटणे. गाव सोडण्यापूर्वी आशा कार्यकर्तीकडे नाव नोंदवावे, रक्तदाब व लघवी तपासून घ्यावी, गोळ्या बरोबर घ्याव्यात. माता व बाल संरक्षण कार्ड घरी पेटीत न ठेवता सोबत न्यावे. कार्डावरील मजकूर मराठी असला, तरी रक्तदाबाचे आकडे चलथाणच्या परिचारिकेलाही समजतात. मागील आकडा हाती असला, म्हणजे वाढ तात्काळ ध्यानात येते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस देशभर शासकीय केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या दिवशी मुकादमाने तिला सुट्टी द्यावी.

टोळी कोणत्या दिवशी निघणार, हे गावात सर्वांना ठाऊक असते. त्याआधी सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक व आरोग्यसेविका यांनी एकत्र बसून टोळीतील गर्भवतींची यादी करावी. ऊस एक दिवस उशिरा तोडता येतो. चढलेला रक्तदाब मात्र हंगाम संपण्याची वाट पाहत नाही.