जुन्या संगणकांस नवी कार्यप्रणाली : एक अभ्यास

आमच्या संगणक कक्षातील बहुतांश यंत्रे माजी विद्यार्थ्यांनी व हितचिंतकांनी दिलेली आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबविला आणि ही यंत्रे भंगारात काढावीत काय, असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. पारनेर तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरून आलेल्या अनेक मुलांच्या हाती संगणक येतो तो याच कक्षात. म्हणून हा प्रश्न केवळ यंत्रांचा नाही.

आधार संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही. मात्र नव्याने उघडकीस येणाऱ्या त्रुटी दूर करणारी सुरक्षा-अद्यतने मिळेनाशी होतात. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रास हा धोका दिवसेंदिवस वाढत जातो. वाढीव मुदतीची सेवा घेता येते, परंतु तीही कायमची नसते.

‘विंडोज ११’साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा हवा. ही तपासणी टाळून प्रणाली बसविण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. तथापि अशा यंत्रांना पुढील अद्यतनांची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या सुरक्षिततेसाठी खटाटोप करावयाचा, तीच अनिश्चित राहते. शाळेसाठी हा मार्ग आम्हांस योग्य वाटत नाही.

दुसरा मार्ग लिनक्सचा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या या कार्यातून अनेक मुक्त प्रणाली निर्माण झाल्या. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही त्यांपैकीच एक. केरळच्या शासकीय शाळांत मुक्त प्रणालीवर संगणकशिक्षण कित्येक वर्षे चालू आहे. ‘लिनक्स मिंट’ला किमान २ जीबी, सोयीसाठी ४ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते. प्रोसेसर मात्र ६४ बिटचा असावा.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम सर्व कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. नंतर पेन ड्राइव्हवर नवी प्रणाली घेऊन, हार्ड डिस्कला हात न लावता, संगणक तीवर चालवून पाहावा. वायफाय, ध्वनी, छपाईयंत्र व मराठी कळफलक तपासावा. या चाचणीत वेग कमी भासतो, त्याने निराश होऊ नये. एका यंत्रावर काही दिवस काम करून मगच इतरांना हात घालावा.

दोन अडचणी ध्यानात ठेवाव्यात. केवळ विंडोजवर चालणाऱ्या हिशेबाच्या आज्ञावलीसाठी कार्यालयात एक आधारप्राप्त यंत्र ठेवावे लागेल. तसेच युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, अन्यथा तो फाँट नसलेल्या यंत्रावर तो नीट वाचता येणार नाही.

माजी विद्यार्थ्यांस एक विनंती. संगणक देण्यापूर्वी त्यातील खासगी माहिती पूर्णपणे पुसावी आणि रॅम व प्रोसेसरची नोंद सोबत द्यावी. आणखी एक जुना संगणक देण्यापेक्षा एखादी एसएसडी दिलीत, तर कक्षातील मंदावलेले यंत्र अधिक वेगाने चालू लागेल आणि त्यापुढे बसणाऱ्या मुलाचा तास वाट पाहण्यात जाणार नाही.